मांडवाखाली गांधीलमाशीचं पोळं: पाडलं तरी तिथेच परत का लागतं?

आमच्या रत्नागिरीकडच्या वाडीत गांधीलमाशीचं पोळं लागल्याची हाक येते ती बहुतेक तीन ठिकाणांहून: पडवळ-काकडीचा मांडव, गोठ्याचा पत्रा, नाहीतर विहिरीवरची पंपाची खोली. गेल्या वर्षी ज्या घरातून बोलावणं आलं होतं, त्याच घरातून यंदाही येतं. पोळं काठीने पाडून झालेलं असतं, टेंभा लावून जाळून झालेलं असतं, झुरळांचा स्प्रे मारून झालेला असतो, आणि तरी हातभर अंतरावर दुसरं तयार. सगळ्यात जास्त गडबड भाद्रपदात होते. गणपतीला मुंबईची मंडळी येतात आणि एरवी ज्या मांडवाखाली घरातलं एखादं माणूस वाकून जातं, तिथे पोरंटोरं काकड्या शोधत घुसतात.

पोळं काढायला दहा मिनिटं पुरतात. ती जागा पुन्हा पोळ्याला सोयीची राहू नये म्हणून जे करावं लागतं त्याला जास्त वेळ जातो, आणि ते सहसा कोणी करत नाही. म्हणून खाली पोळं काढण्याइतकंच त्याच्या आधीचं आणि नंतरचंही लिहिलं आहे. क्रम सोप्याकडून अवघडाकडे, फुकटाकडून खर्चाकडे. मधल्या एखाद्या टप्प्यावर प्रश्न सुटला तर पुढे जाऊ नका.

लक्षणं

- भाजी काढताना हाताला किंवा मानेला डंख बसतो, पण पोळं कुठे दिसत नाही.
- ऊन तापलं की बारीक कमरेच्या माश्या, मागचे पाय लोंबकळत, एकाच वाटेने ये-जा करतात.
- गळक्या नळाखाली किंवा ठिबकच्या तोटीपाशी त्या पाणी प्यायला उतरतात.
- जुन्या, राखाडी पडलेल्या बांबूवर बसून खरवडतात. जवळ शांतता असेल तर आवाजही येतो. बांबूवर फिकट पट्टे उमटलेले असतात.
- पानांच्या आड एका बारीक दांडीला लोंबणारी, कागदासारखी, खालून उघडी घरं दिसतात.
- पोळं काढून आठ-पंधरा दिवस झाले की त्याच बांबूला नवी दांडी लागते.

गडग्याच्या भोकातून, झाडाच्या ढोलीतून किंवा जमिनीतल्या बिळातून मोठ्या माश्या आत-बाहेर करत असतील, तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

आधी ओळख पटवा

याला खर्च शून्य. दोन-तीन मीटरवर उभं राहून मोबाईलचा कॅमेरा झूम करून फोटो काढा आणि फोटो घरात बसून बघा. ही तपासणी पहिली ठेवण्याचं कारण असं की मला ‘गांधीलमाशी’ म्हणून दाखवलेल्यांपैकी बऱ्याच गांधीलमाश्या नसतातच.

भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या चौकटीत चिखलाचा गोळा किंवा लहानशी मातीची सुरई दिसली तर ती कुंभारीण. ती एकटी राहते. मातीच्या घरात कोळी नाहीतर अळ्या कोंबते, त्यावर अंडं घालते, तोंड बंद करते आणि निघून जाते. घराची राखण करत बसत नाही, त्यामुळे अंगावर येण्याचा प्रश्नच नाही. पिल्लं बाहेर पडून गेली की घराला भोकं दिसतात, तेव्हा ते खरवडून टाका. त्याआधी काही करायची गरज नाही.

मेणाचं पोळं आणि त्यावर दाटीने बसलेल्या केसाळ, तपकिरी माश्या म्हणजे मधमाश्या. झुडपाच्या फांदीला लहानसं एकच पोळं असेल तर फुलोरी, ढोलीत किंवा पेटाऱ्यात एकामागे एक पोळी असतील तर सातेरी, उंच झाडाला किंवा इमारतीला लटकलेलं भलंमोठं उघडं पोळं म्हणजे आग्या. फुलोरी आणि सातेरीला हात लावू नका; तुमच्या काकडी, कारल्याची फळधारणा बरीचशी त्यांच्याच जिवावर चालते. सातेरी घराच्या आत शिरली असेल तर मधपाळ तिला पेटीत घेऊन जातो. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मधसंचालनालय आहे, पुण्यात १९६२पासूनची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तिथून शिकून आलेले लोक आपल्या भागात असतात, विचारलं तर सापडतात. आग्याच्या वाटेला मात्र स्वतः अजिबात जाऊ नका.

उरल्या खऱ्या गांधीलमाश्या. त्यांतही दोन प्रकार वेगळे काढा. पहिली कागदी पोळ्याची: अंग सडपातळ, लालसर-तपकिरी किंवा पिवळे पट्टे असलेलं, पोळं उघडं आणि माश्या मोजता येतील इतक्या. दुसरी मोठी, काळी, पोटावर एकच रुंद पिवळा-नारिंगी पट्टा. तिचं पोळं बहुतेक पोकळीत असतं आणि बाहेरून कागदी वेष्टण असतं. पुढचे सगळे घरगुती उपाय फक्त पहिलीसाठी आहेत. मोठी माशी कागदी पोळ्याभोवती घिरट्या घालताना दिसली तर ती तिथली नाही. पोळ्यातली पिल्लं पळवायला आलेली असते. असा छापा पडला की कागदीवाल्या कधीकधी पोळंच सोडून जातात. थोडे दिवस थांबलात तर तुमचं काम परस्पर होईल.

पोळं खरंच बागेत आहे का?

माश्या दिसतात म्हणजे पोळं जवळ आहे असं नाही. सकाळी उन्हं चढल्यावर अर्धा तास पडवीत बसा आणि त्या जातात कुठे ते बघा. पाणी पिऊन किंवा अळी उचलून कुंपणापलीकडे जात असतील, तर तुमच्याकडे येणारी ही फक्त गिऱ्हाईकं. मग पोळं शोधत वेली उचकटण्यात डंख खाण्यापलीकडे काही हाती लागणार नाही.

पोळं आपल्याच बागेत असेल तर नेमकी जागा दुरून हेरा. पानं हातांनी बाजूला करू नका. मांडवाच्या खालच्या अंगाला, आडव्या बांबूच्या गाठीजवळ, पाऊस लागत नाही आणि पानांची सावली असते अशा जागी आधी बघा. बांबूच्या कापलेल्या पोकळ टोकातही बघा. पत्र्याच्या पन्हळीत, पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली आणि उलट्या ठेवलेल्या रिकाम्या कुंड्यांतही पोळी सापडतात.

मग प्रश्न अंतराचा

घरच्यांना हे पटायला वेळ लागतो, तरी सांगतो: पोळं येण्याजाण्याच्या वाटेपासून तीन-चार मीटर दूर किंवा डोक्याच्या बरंच वर असेल, घरात कोणाला डंखाची ॲलर्जी नसेल आणि लहान मूल तिथे खेळत नसेल, तर ते राहू द्या. मी स्वतः राहू देतो. कागदी पोळ्याच्या माश्या सहसा पोळ्याला धक्का बसला किंवा तोंड अगदी जवळ नेलं तरच उठतात.

आणि त्या भाजीच्या कामाच्या आहेत. पूर्ण वाढलेली माशी स्वतः मधुरस पिऊन राहते, पण पोळ्यातल्या पिल्लांना मांस लागतं. ते येतं अळ्यांमधून. पडवळाची पानं कुरतडणाऱ्या, टोमॅटोत शिरणाऱ्या, कढीपत्ता आणि लिंबावरच्या अळ्या चावून, त्यांचा गोळा करून ती घेऊन जाते. पोळं काढलंत तर पुढचे काही आठवडे पानांची खालची बाजू रोज बघायला लागेल, हे धरून चला.

वाटेवर, दाराच्या चौकटीवर, नळाजवळ किंवा जिथे रोज हात घालावा लागतो अशा वेलीत असेल तर मात्र काढायला हवं.

काढण्याआधी: पाणी, गोड आणि कामाची वेळ

गळका नळ आधी दुरुस्त करा. पोळं थंड ठेवायला आणि कागदाचा लगदा मळायला माश्यांना पाणी लागतं. उन्हाळ्यात तुमचा नळ हाच त्यांचा पाणवठा होतो. वॉशरची किंमत किती ते तुम्हाला माहीत आहे.

मग गोड. एप्रिल-मे महिन्यांत काजूची बोंडं काढून कोपऱ्यात ढीग घातलेला असतो, पिकून पडलेले पेरू-चिकू, फुटलेला फणस. हे सगळं मांडवापासून लांब खड्ड्यात टाकून वर माती ओढा. फळमाशीने खराब केलेली काकडी-दोडकीही त्यातच घाला, म्हणजे दोन कामं होतील. मावा आणि पिठ्या ढेकूण असतील तिथे पानांवर चिकट गोडसर थर साचतो, तो चाटायलाही गांधीलमाश्या येतात. भेंडीवर किंवा जास्वंदीवर माश्यांची गर्दी दिसली तर पोळं शोधण्याआधी पानं उलटून मावा बघा. पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी अर्क एवढ्यावर तो आटोक्यात येतो. फवारणी संध्याकाळी करा, मधमाश्या परतल्यावर.

कामाच्या सवयी बदलल्या तरी डंख कमी होतात. भाजी सकाळी लवकर, थंडाव्यात काढा. वेल ओढू नका, कात्रीने देठ कापा. वेलीचा झटका मांडवातून थेट पोळ्यापर्यंत पोचतो. गवत कापायचं यंत्र पोळ्याखाली चालवू नका.

पोळं अजून लहान असेल तर

दांडी, चार-पाच घरं आणि त्यावर एक-दोन माश्या, अशी अवस्था हाताळायला सगळ्यात सोपी. लांब काठीच्या टोकाला फडकं गुंडाळून पोळं खाली पाडा, बाजूला व्हा आणि पडलेला तुकडा नंतर पायाखाली चिरडा. अजून राखायला फारसं काही नसतं, म्हणून प्रतिकारही बेताचा असतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला उपरणं आणि पळायला मोकळी वाट एवढी तयारी पुरते. पुढचे आठ दिवस रोज एकदा तिथे नजर टाका. माशी चिकाटीची असते. पुन्हा दांडी चिकटवली तर पुन्हा पाडा. तीन-चार वेळा झालं की ती सहसा दुसरीकडे जाते.

गावात एक समज आहे की ‘राणी मारली की पोळं संपतं’. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या रोपालिडिया मार्जिनाटा या कागदी गांधीलमाशीचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. तिची राणी दिसायला इतरांसारखीच असते, आणि ती नाहीशी झाली तर कामकरी माश्यांपैकीच एक तिची जागा घेते. तेव्हा राणी शोधायच्या भानगडीत पडू नका. त्यातून ही जात दक्षिणेकडच्या हवेत वर्षभर पोळी करते, त्यामुळे ‘थंडीत आपोआप मरतील’ हा परदेशी व्हिडिओंतला सल्लाही इथे चालत नाही.

तळहाताएवढं, माश्यांनी भरलेलं पोळं

इथून पुढे जाण्याच्या अटी: पोळं उघड्यावर आहे, जमिनीवर उभं राहून पोचता येतं, जवळ विजेची तार किंवा मीटर नाही, तुम्हाला पूर्वी डंखाने अंगभर गांधी उठणं किंवा घुसमटणं झालेलं नाही, आणि सोबत दुसरं मोठं माणूस आहे. एक जरी अट बसत नसेल तर हा भाग सोडा. शिडीवर चढून तर मुळीच नको. अंगावर माशी आली की माणूस हात सोडतो, आणि मग डंखापेक्षा पडण्याची इजा मोठी होते.

वेळ: पूर्ण अंधार पडल्यावर तासाभराने. सगळ्या माश्या पोळ्यावर असतात आणि अंधारात नीट उडत नाहीत. बॅटरी हातात धरू नका, माशी उजेडाच्या रोखाने येते. ती बाजूला जमिनीवर ठेवा आणि काचेवर लाल जिलेटिन कागद बांधा; लाल रंग त्यांना जवळजवळ दिसत नाही. अंगावर जाड पँट पायमोज्यात खोचलेली, रेनकोट, हातमोजे, टोपीवरून मच्छरदाणीचा तुकडा.

औषध म्हणजे एक लिटर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे भांडी घासायचा लिक्विड साबण. नुसतं पाणी माशीच्या अंगावरून घरंगळतं. साबणामुळे ते पसरतं आणि श्वासाच्या छिद्रांत शिरतं, म्हणून ती काही क्षणांत खाली पडते. लांब धार जाणारा हातपंप वापरा, दीड-दोन मीटरवरून पोळं चिंब करा आणि थांबून न राहता घरात या. सकाळी लवकर काठीने पोळं पाडून पुरा. खाली पडलेल्या माश्या अनवाणी पायाने तुडवू नका, मेलेल्या माशीचाही काटा लागतो. वेलीवरचं साबणपाणी साध्या पाण्याने धुवा, नाहीतर कोवळी पानं करपतात.

काय करायचं नाही, तेही सांगतो. रॉकेल-पेट्रोल ओतून पेटवू नका. शाकारलेला गोठा आणि सुक्या झावळ्या बाजूला असताना कोणी तसं करतं याचं मला दरवेळी नवल वाटतं. आत मध सापडेल या आशेनेही नको, तिथे मध नसतो. झुरळांचा स्प्रे खाण्याच्या भाजीवर उडतो, आणि ती भाजी कधी खायची हे त्या डब्यावर लिहिलेलं नसतं. पाइपची जोरदार धार मारली की अर्ध्या माश्या जिवंत आणि चिडलेल्या उरतात.

तिथेच परत लागू नये म्हणून

पोळं पडलं तरी दांडीचं बूड बांबूवर चिकटलेलं राहतं. ते सुरीने खरवडा आणि जागा साबणाच्या पाण्याने घासून घ्या. जुन्या पोळ्याची खूण राहिली की तिथेच किंवा शेजारी नवी सुरुवात होताना मी सारखी बघतो. जागा सुकली की त्यावर करंज तेलाचा हात फिरवा. दांडी तेलकट पृष्ठभागावर नीट चिकटत नाही. पावसाळ्यात हा हात पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावा लागतो.

राखाडी, भुसभुशीत झालेले बांबू पुढच्या वर्षी वापरू नका. पोळ्याचा कागद अशाच लाकडाच्या धाग्यांचा बनतो. जुना मांडव म्हणजे त्यांना जागा आणि सामान दोन्ही एकाच ठिकाणी. नवे बांबू गाठीवर कापा, म्हणजे टोक पोकळ राहत नाही, किंवा टोकात मातीचा गोळा ठोका. मांडव डोक्यापेक्षा हातभर उंच घाला आणि वेलीची खालची दाट पानं अधूनमधून विरळ करा. खालून उजेड आणि पाऊस आला की आडोसा राहत नाही, आणि काकड्याही दिसतात. रिकाम्या कुंड्या, उलटी घमेली, वापरात नसलेला पंप यांच्याकडे वळवाच्या पावसाआधी एकदा बघा.

डंख बसला तर

आधी तिथून निघा. हात झटकत उभं राहू नका. गांधीलमाशीचा काटा अडकून राहत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डसू शकते. त्वचेत काटा राहिलेला दिसला तर ती मधमाशी. तो काटा नखाने लगेच काढा. जागा साबणाने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून ठेवा, बोटातली अंगठी काढा. चुना, रॉकेल, लोखंड घासणं यांनी विष उतरत नाही, त्वचा मात्र भाजते किंवा सोलते. जागेपुरती सूज आणि खाज दोन-तीन दिवस राहते, ती नेहमीची.

ओठ-जीभ-घसा सुजणं, श्वास लागणं, अंगभर गांधी, चक्कर किंवा उलट्या यांपैकी काहीही झालं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. यावर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. आधीच्या वेळी काही झालं नव्हतं म्हणून आता होणार नाही असं नसतं. तोंडात किंवा घशात डंख बसला तर लगेच जा. मोठ्या गांधीलमाशीचे बरेच डंख बसले असतील तर बरं वाटत असलं तरी जा, कारण विषाचा भार मूत्रपिंडावर येऊ शकतो. लघवी लाल-तपकिरी किंवा फार कमी होणं हे त्याचं लक्षण.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

गडग्यातलं, ढोलीतलं, जमिनीतलं, भिंतीच्या पोकळीतलं किंवा छताच्या आतलं पोळं. मोठ्या काळ्या माशीचं कोणतंही पोळं. आग्या. शिडी लागेल इतकं उंच. मीटरच्या पेटीजवळचं, जिथे आधी वायरमनला सांगून वीज बंद करावी लागते. घरात कोणाला ॲलर्जी असेल तर लहान पोळंसुद्धा. आणि एकदा प्रयत्न करून माश्या उठल्या असतील, तर त्या दिवशी दुसरा प्रयत्न नाही.

पोकळीतल्या पोळ्याचं भोक सिमेंटने किंवा चिंध्यांनी बुजवू नका. माश्या दुसरी वाट काढतात, आणि भिंतीतलं पोळं असेल तर ती वाट खोलीत उघडते. जांभ्याच्या गडग्याला तर एक भोक बंद केलं तरी दहा उघडी असतात. तोपर्यंत त्या बाजूला काथ्या बांधून वाट बंद करा, गुरं दुसरीकडे बांधा, शेजाऱ्यांना सांगा.

शहरात परवानाधारक कीटकनियंत्रणवाले मिळतात. अग्निशमन दलाला १०१वर विचारता येतं. ते स्वतः येतात की दुसऱ्याचं नाव देतात हे ठिकाणानुसार बदलतं. गावात ग्रामपंचायतीत किंवा वनरक्षकाकडे चौकशी केली तर सवयीचा माणूस कळतो. बोलावताना फोटो पाठवा, पोळ्याची उंची आणि पोचायची वाट सांगा, आणि खाली खाण्याची भाजी आहे हे आवर्जून सांगा. तो काय मारणार आहे त्याचं नाव आणि भाजी काढण्याआधी किती दिवस थांबायचं हे विचारून घ्या. त्याला ते सांगता आलं नाही तर फवारणीआधी काढता येईल ती भाजी काढून घ्या, बाकीची प्लॅस्टिकने झाका, आणि ज्या पालेभाजीवर औषध पडलं ती उपटून टाका.